रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि आमचे शेजारी

नागपुरास ज्यांचे जाणे-येणे आहे अशा आमच्या बहुतेक वाचकांस हिस्लॉप हे नाव एका कॉलेजचे म्हणून ठाऊक आहे. चांद्याकडील कित्येक वकील, मास्तर आणि व्यापारी यांच्या घरची मुले त्या कॉलेजात शिकून आली. परंतु ज्या गृहस्थाचे नाव त्या संस्थेस मिळाले तो कोण होता, असे त्या मुलांस विचारले तर फारच थोड्यांस धड उत्तर देता येईल. कोणी एक पाद्री होता, त्याने इंग्रजी शाळा काढली, एवढ्यावर बहुतेकांची माहिती संपते. अहेरीच्या बाजारपेठेत तर हे नाव त्याहूनही परके. आमच्या मते या विस्मरणाचा तोटा त्या मृत गृहस्थास नसून आम्हांस आहे. ज्या गोंड, माडिया व कोलाम लोकांच्या शेजारात आपण पिढ्यानपिढ्या दुकाने मांडून बसलो, त्यांचे शब्द पद्धतशीर रीतीने कागदावर उतरविणाऱ्या अगदी पहिल्या माणसांत या स्कॉच पाद्रीची गणना होते. त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील डन्स या लहानशा गावी झाला. बाप इमारती बांधण्याचा धंदा करणारा. घरची स्थिती बेताची, धर्मनिष्ठा मात्र मोठी. मुलास लहानपणापासून किडे व दगड गोळा करण्याचा नाद होता. एडिंबरो व ग्लासगो येथे विद्याभ्यास करून ते धर्मोपदेशक होण्याच्या बेतात असता 1843 साली त्या देशात एक विलक्षण प्रकार घडला. गावच्या चर्चात उपदेशक कोणी नेमावा, तेथील जमीनदाराने की भक्तमंडळीने, या वादात सरकार व न्यायालये जमीनदाराच्या बाजूस उभी राहिली. तेव्हा साडेचारशेहून अधिक पाद्री पगार आणि राहती घरे सोडून बाहेर पडले व त्यांनी आपले स्वतंत्र चर्च स्थापिले. 1920 साली आमच्या देशात वकिलांनी कचेऱ्या व विद्यार्थ्यांनी सरकारी शाळा सोडल्या, ते ज्यांनी वाचले आहे त्यांस या गोष्टीचे मर्म निराळे सांगावयास नको. हिस्लॉप या नव्या, निर्धन चर्चास मिळाले. पुढे राजसत्तेशी त्यांचे जे वर्तन राहिले, त्यास हे पहिले पाऊल ध्यानात ठेवले म्हणजे चांगला उलगडा होतो.

नागपूर प्रांतात मिशन काढावे म्हणून मद्रासच्या लष्करातील कॅप्टन हिल नावाच्या अधिकाऱ्याने मोठी रक्कम दिली होती. त्या कामावर हिस्लॉप यांची नेमणूक झाली. 1844 च्या अखेरीस ते पत्नीसह मुंबईस उतरले आणि 1845 च्या आरंभी नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपुरास तिसरे रघूजी भोसले गादीवर होते, सीताबर्डीस इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि कामठीस त्यांची छावणी होती. त्यांच्या आधी काही वर्षे जर्मन कारागीर-मिशनऱ्यांची एक टोळी अमरकंटकाजवळील करंजिया येथे गोंडांत काम करण्यासाठी गेली होती. स्वतः नांगर धरावा, सुतारकाम करावे आणि त्यातून लोकांशी एकजीव व्हावे असा त्या बिचाऱ्यांचा हेतू होता. वर्षभराच्या आत रोगाने त्यांतील कित्येकांचा घास घेतला. उरलेसुरले नागपूर-कामठीकडे आले, त्यांस हिस्लॉप यांनी आपल्यात सामील करून घेतले. गोंडांच्या मुलखात जावयाचे म्हणजे काय, याचा हा पहिला पाठ त्यांस मिळाला.

ते आधी मराठी शिकले. 1846 साली त्यांनी नागपुरात शाळा काढली. तिच्यात ब्राह्मणांची मुले येऊ लागली. इंग्रजीसाठी येऊ लागली हे उघड आहे, बायबलासाठी नव्हे. शहरातील जुन्या मंडळींस हा प्रकार रुचला नाही आणि त्यांस आम्ही दोष देणार नाही. परक्या राजसत्तेच्या छायेत परका धर्म शाळेच्या दारातून आत येतो, तेव्हा बापाच्या पोटात कालवाकालव होणे स्वाभाविक आहे. हिस्लॉप यांची आपल्या धर्मावर अढळ श्रद्धा होती, आमचा धर्म भ्रममूलक आहे असे ते मानीत आणि तसे बाजारात उभे राहून सांगत. या बाबतीत त्यांचे व आमचे मत जुळणे शक्य नव्हते. त्यांच्या हयातीत ख्रिस्ती झालेल्यांची संख्याही अल्पच राहिली. धर्मांतरांच्या आकड्याने मिशनरी मोजावयाचा असेल तर हिस्लॉप यांचे आयुष्य जवळजवळ फुकट गेले म्हणावे लागेल. आमच्यातील निंदक आणि त्यांच्याकडील स्तुतिपाठक असे दोघेही याच एका मापाने मोजतात, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

1847 साली रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांस येऊन मिळाले. पुढे कोशकार म्हणून नाव झालेले हंटर ते हेच. दोघे उपदेशासाठी गावोगाव जात व वाटेत दगड फोडीत. नागपूरजवळ टाकळी येथे त्यांस प्राचीन गोगलगाई व वनस्पती यांचे अवशेष खडकात सापडले. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे 60 मैलांवरील मंगळी येथील खाणीतून आलेल्या एका प्राण्याच्या कवटीचे वर्णन विलायतेतील सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ ओवेन यांनी 1855 साली केले. त्याच वर्षी हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध लंडनच्या भूशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकात छापून निघाला. अहेरीकरांस याहून जवळची गोष्ट म्हणजे प्राणहितेच्या दोन्ही तीरांवरील खडक. सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या चुनखडकातील मासे त्याच सुमारास शास्त्रज्ञांस कळले होते. पलीकडच्या तीरावर, आज तेलंगणात मोडणाऱ्या मलेरीच्या तांबड्या मातीतील माशाच्या दातांवर हिस्लॉप यांचे लक्ष गेले आणि 1859 साली त्या माशाच्या एका जातीस त्यांचे नाव देण्यात आले. एका हिरवट खनिजास आणि तळ्यातील एका सूक्ष्म प्राण्यासही त्यांचेच नाव आहे.

परंतु या सर्व नामकरणांत आम्हांस एक फार मोलाचे वाटते. 1860 साली हिस्लॉप यांनी स्वतः काही शंखांचे वर्णन छापले. त्या शंखांस नावे देताना एकास त्यांनी आपल्या एका एतद्देशीय सहकाऱ्याचे, विरप्पाचे नाव दिले. मलेरीच्या माशाच्या आणखी एका जातीसही हेच नाव लाभले आहे. त्या काळी साहेबाच्या शिकारीत वाघ हाकणाऱ्याचे नाव कोठे येत नसे. पुस्तकात शास्त्र्याने वाचून दाखविले तरी छापताना फक्त साहेबाचे नाव छापले जाई. अशा दिवसांत उन्हातान्हात दगड हुडकणाऱ्या माणसाचे नाव शास्त्राच्या वहीत कायमचे चढविणारा मनुष्य नम्रतेवर प्रवचन न देताही नम्र होता, असे आम्ही समजतो. आमच्या पेढ्यांवरील कितीजणांनी आपल्या जुन्या दिवाणजीचे नाव पाटीवर घातले आहे, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

राजकारणात हिस्लॉप इंग्रज सरकारच्या बाजूचे होते, ही गोष्ट आम्ही लपवून ठेवू इच्छीत नाही. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. 1857 च्या जूनमध्ये नागपुरात घोडदळाचा उठाव होण्याचे घाटत असता त्याची कुणकुण एका मुसलमान स्नेह्याकडून हिस्लॉप यांस लागली व त्यांनी ती अधिकाऱ्यांच्या कानी घातली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढल्याच वर्षी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी याच आपल्या अरण्यात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांस फाशी देण्यात आली. बाबूराव ज्यांस वंद्य आहेत त्यांस हिस्लॉप यांचे 1857 सालचे वर्तन आवडणार नाही, आम्हांसही आवडत नाही. मात्र बाबूरावांस इंग्रजांच्या हवाली करण्यात अहेरीच्या जमीनदारीचा हात होता, हेही इतिहासात नमूद आहे. तेव्हा दगड उचलण्यापूर्वी अहेरीकरांनी थोडे थांबलेले बरे.

शिवाय याच हिस्लॉप यांची दुसरी बाजू पाहावी. नागपूर प्रांत खालसा झाल्यावर तेथील अंमलदारांचा जो ढिला व जुलमी कारभार चालला होता, त्यावर त्यांनी सेरामपूरच्या फ्रेंड ऑफ इंडिया पत्रातून कोरडे ओढले. 1861 च्या अखेरीस लॉर्ड कॅनिंग यांनी मध्यप्रांत हा निराळा प्रांत निर्माण केला, त्यास या पत्रांची चालना होती असे त्यांच्या चरित्रात म्हटले आहे. गोऱ्या मनुष्याने गोऱ्या अधिकाऱ्यांवर लिहावयाचे म्हणजे छावणीतील जेवणाची आमंत्रणे बंद होणे हे ठरलेलेच. वृत्तपत्र चालविणारास याची किंमत कळते.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. उपदेशाच्या फिरतीत हिस्लॉप यांची गाठ गोंड, कोलाम, कोरकू, हलबी अशा नाना जमातींशी पडे. आमच्या लेखी त्या काळी हे सर्व एकच, म्हणजे रानटी. हिस्लॉप यांनी मात्र विचारावयास आरंभ केला. तुम्ही स्वतःस काय म्हणविता? कोयतोर, असे उत्तर मिळाले. गोंड हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, ही साधी गोष्ट शेजारी राहून शेकडो वर्षांत आमच्या कोणास विचारावीशी वाटली नव्हती. तुमच्यात भेद किती? साडेबारा, असे उत्तर आले. राजगोंड, पाडाल, ओझ्याल, कोलाम, माडियाल अशी ती नावे त्यांनी एकेक करून लिहून घेतली. मग हात, पाय, पाणी असल्या रोजच्या शब्दांची कोष्टके त्यांनी मांडली. एका रकान्यात गोंडी, दुसऱ्यात कोलामी, तिसऱ्यात नायकुडे, पुढे माडिया, कोरकू, कैकाडी. शब्द शेजारीशेजारी ठेवताच गोंडी ही तेलुगू-तामिळच्या कुळातील आणि कोरकू त्या कुळाबाहेरची, हा भेद डोळ्यांस दिसू लागतो. अहेरीच्या आठवडी बाजारात एका सकाळी मराठी, तेलुगू, माडिया, हिंदी, छत्तीसगढी आणि बंगाली कानावर पडते. तेथे उभे राहणाऱ्यास या कोष्टकांची गोडी सहज कळेल.

त्यांच्या सर्व संग्रहांत शिरोमणी शोभते ते लिंगोचे गीत. परधान हे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून देवादिकांच्या व कुळांच्या कथा गाणे हा त्यांचा वंशपरंपरेचा धंदा. अशा एका परधानाच्या तोंडून हिस्लॉप यांनी ही जवळजवळ हजार ओळींची कथा गोंडी भाषेत जशीच्या तशी उतरवून घेतली. गोंड गुहेत कसे कोंडले गेले, लिंगोने त्यांस कसे सोडविले, कुळे कशी वाटून दिली, विवाहाचे व पूजेचे नियम कसे घालून दिले, हे सारे तीत आहे. हिस्लॉप यांच्या धर्माप्रमाणे पाहता यांतील एकही देव खरा नाही. असे असूनही ओळ न गाळता, आपल्याकडचे न मिसळता, ते लिहीत बसले. दुसऱ्याच्या श्रद्धेस खोटे मानणारा मनुष्य ती ऐकून घेताना इतका प्रामाणिक राहू शकतो, याचे हे उदाहरण आमच्या कट्टर मंडळींनी, दोन्ही बाजूंच्या, अवश्य पाहावे. धर्मप्रचारासाठीच भाषा शिकला, असे कोणी म्हणेल. आरंभी तसेच असेल. पण हजार ओळी लिहून घेण्याइतका वेळ प्रचाराच्या हिशेबात बसत नाही.

येथे आमच्या व्यापारी वाचकांविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. अहेरी, आलापल्ली, एटापल्लीकडील कित्येक दुकानदारांस माडिया भाषा चांगली येते. पायली, मण, रुपया, उधारी, व्याज हे सर्व ते माडियातून बिनचूक बोलतात. प्रश्न असा की ती भाषा ते कशापुरती शिकले? मिठाच्या मापास चारोळीचे माप घेतल्याचे दिवस फार जुने नाहीत. त्या सौद्यातही भाषा येतच होती. ज्याची भाषा आपण त्यास फसविण्याइतकी शिकलो त्याचे गाणे आपणांस ठाऊक नाही, ही स्थिती कोणाही सुशिक्षित समाजास लाजिरवाणी आहे. सर्वच व्यापारी असे वागले असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे तसे वागले नाहीत त्यांनी तरी शेजाऱ्याच्या मुलाशी, तराजू बाजूस ठेवून, किती वेळ बोलणे केले?

सरकारचीही कथा निराळी नाही. 2011 च्या शिरगणतीत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात 29,84,453 होते. त्याच्या निम्म्याच संख्येच्या बोडो भाषेस 2003 साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, आणि ते योग्यच झाले. गोंडी मात्र अद्याप बाहेर आहे. मुलास प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे घटनेचे कलम 350-क सांगते, आणि 2009 चा शिक्षणहक्काचा कायदाही शक्य तेथे मातृभाषाच माध्यम असावे असे म्हणतो. कायद्याचा धंदा केलेल्या मनुष्यास ठाऊक आहे की शक्य तेथे या दोन शब्दांत अख्खा हक्क बुडवून ठेवता येतो. भामरागडच्या डोंगरातील पोर सहाव्या वर्षी शाळेत येते, मास्तर मराठीत बोलतात, पोर गप्प बसते आणि मास्तर त्यास मंद ठरवितात. न्यायालयातही हाच प्रकार: आरोपीस न समजणाऱ्या भाषेतील पुरावा त्यास समजावून द्यावा अशी तरतूद आहे, पण दुभाषी जर गावचाच हितसंबंधी असेल तर त्या तरतुदीचा अर्थ काय उरतो? जिल्हा परिषदेने या दुर्गम शाळांतून माडिया बोलणारे शिक्षक आधी नेमावेत, मराठी पाठ्यपुस्तकाच्या जोडीस माडिया पुस्तके द्यावीत, आणि अन्य शिक्षकांस एका वर्षात बोलण्यापुरती माडिया शिकण्याची सक्ती करावी. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला, तो याच लोकांच्या सोयीसाठी झाला असे तेव्हा सांगण्यात आले होते.

मराठी मनुष्याने असे काम कधी केलेच नाही असे मात्र कोणी समजू नये. जेथे जर्मन कारागीर मेले त्याच करंजियास 1932 साली व्हेरिअर एल्विन हे इंग्रज ख्रिस्ती उपदेशक जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर होते शामराव हिवाळे. हे आमचे मराठी ख्रिस्ती गृहस्थ. एल्विन यांनी पुढे मिशनरीपण सोडले, हिंदुस्थानचे नागरिकत्व घेतले व त्यांची कीर्ती झाली. शामराव गोंडांचे दवाखाने व शाळा सांभाळीत मागे राहिले आणि 1946 साली त्यांनी परधानांवरच एक उत्तम ग्रंथ लिहिला. ज्या भाटांच्या तोंडून हिस्लॉप यांनी लिंगोची कथा घेतली, त्यांच्याच जातीवरचा हा ग्रंथ. मराठी वाचकांस शामराव ठाऊक नाहीत, याचे कारण ते पाद्र्यांच्या बाजूचे म्हणून हिंदूंनी टाकले आणि धर्मांतर करीत नाहीत म्हणून पाद्र्यांनी टाकले, एवढेच आम्हांस दिसते.

1862 साली मध्यप्रांताचा कारभार सर रिचर्ड टेंपल यांच्या हाती आला. विद्याव्यासंगी अधिकारी म्हणून हिस्लॉप यांचे त्यांच्याशी जुळले. 1863 च्या सप्टेंबरात टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस सुमारे 20 मैलांवर बोरी येथे होता. जवळच टाकळघाट येथे दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. ती कोणा अज्ञात लोकांची थडगी होत. ती उकरून पाहण्यासाठी हिस्लॉप बरोबर आले होते. 4 सप्टेंबरचा दिवस त्यांनी त्यात घालविला. मंडळी परत फिरली, परंतु गावातील शाळा तपासावयाची राहिली म्हणून हिस्लॉप एकटे मागे थांबले. मुलांची परीक्षा घेऊन ते घोड्यावर निघाले. मध्यंतरी पावसाने वाटेवरचा ओढा भरला होता. रात्री छावणीत घोडा आला, स्वार आला नाही. मशाली घेऊन माणसे धावली आणि ओढ्याच्या पाण्यात त्यांचे प्रेत सापडले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

मागे पत्नी, लहान मुले, एक शाळा आणि हस्तलिखित कागदांचे गाठोडे राहिले. टेंपल यांनी ते कागद स्वतः लावले, टिपा जोडल्या आणि 1866 साली छापून काढले. शब्दांची कोष्टके त्यात आहेत आणि लिंगोचे गीतही गोंडी शब्दांसकट आहे. त्याच सुमारास नागपूरच्या मिशनने छिंदवाड्यास गोंडांसाठी ठाणे घातले व तेथील डॉसन यांनी गोंडी भाषेवर काम केले. नागपूरच्या शाळेचे 1883 साली कॉलेज झाले. तिकडे उत्तरेस हे काम चालू असता दक्षिणेस, वैनगंगा-प्राणहितेच्या या बाजूस, माडियांच्या रकान्यात पुढले शब्द भरावयास कितीतरी वर्षे कोणी आले नाही.